यॉर्कच्या ग्रंथांचे वारस : आल्क्विन

जुबिलीच्या प्रसंगीं गतकाळच्या उपकारकर्त्यांचें स्मरण करावें अशी आपली जुनी चाल आहे. देवळाच्या भिंती कोणीं उभारिल्या, घंटा कोणीं दिली, वेदी कोणीं बांधविली, हें आपण मुलांबाळांस सांगतों व त्या सर्वांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करितों. परंतु त्या वेदीवर जें पुस्तक उघडें ठेविलेलें असतें, तें आपल्यापर्यंत कोणाच्या हातांनीं आलें, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. युरोपांत छापखाने निघून अजून सहाशें वर्षेंही झालीं नाहींत. त्यापूर्वींच्या चौदाशें वर्षांत पवित्र शास्त्राचें प्रत्येक पान आणि धर्मपित्यांच्या लेखांची प्रत्येक ओळ कोणीतरी हातानें उतरून घेतली, म्हणूनच ती राहिली. जी कोणीं उतरली नाहीं ती गेली. अशा उतरणाऱ्यांच्या व उतरविणाऱ्यांच्या मालिकेंत आल्क्विन यांचें नांव फार मोठें आहे, व त्यांचें चरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. एका कॅथीड्रलाचा नामांकित ग्रंथसंग्रह त्यांच्या हातीं वारसा म्हणून आला. तो त्यांनीं मागें सोडला व ते परदेशीं निघून गेले. आणि त्यांच्या पश्चात् तो संग्रह समूळ नाहींसा झाला. तरीही ग्रंथांचे रक्षक म्हणून जगानें त्यांचेंच नांव लक्षांत ठेविलें आहे. हें कसें, तें सांगावयाचें आहे.

आल्क्विन यांचा जन्म इ. स. ७३५ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थंब्रिया राज्यांत एका कुलीन घराण्यांत झाला. फ्रीजन लोकांस ख्रिस्ताची ओळख करून देणारे संत विलिब्रॉर्ड हे त्यांच्याच आप्तांपैकीं होते. त्याच ७३५ सालीं दोन गोष्टी घडल्या. ज्यांच्या तोडीचा विद्वान् त्या काळीं सबंध पश्चिम युरोपांत नव्हता, ते पूज्य बीड जॅरोच्या मठांत मरण पावले. आणि यॉर्कच्या बिशपांस रोमहून आर्चबिशपची पदवी मिळाली. हे पहिले आर्चबिशप एग्बर्ट यांनीं बीड यांचा उपदेश घेतलेला होता, व त्यांचा भाऊ लवकरच नॉर्थंब्रियाच्या गादीवर बसला. तेव्हां यॉर्कच्या कॅथीड्रलास, म्हणजे आर्चबिशपांच्या मुख्य देवळास, विद्या आणि द्रव्य ह्या दोहोंचाही आधार लाभला. आल्क्विन यांस अगदीं लहानपणींच ह्या देवळाच्या शाळेंत आणून ठेविलें होतें. आपल्या आईबापांविषयीं त्यांनीं पुढें फारसें कांहीं लिहिलें नाहीं. लिहिलें तें सारें ह्या देवळाविषयीं व तेथील गुरूंविषयीं. कारण आपणांस आईच्या मायेनें वाढविलें तें त्यांनीं, अशीच त्यांची भावना होती.

शाळेचा भार ज्यांच्यावर होता ते एल्बर्ट नांवाचे गुरु एग्बर्ट यांच्याच नात्यांतले होते, व एग्बर्ट निवर्तल्यावर ७६७ सालीं तेच आर्चबिशप झाले. शिक्षक व्हावा तर असा, असें त्यांच्याविषयीं वाचतांना वाटतें. हुशार मूल दिसलें कीं ते त्यास जवळ करीत, शिकवीत आणि खाऊंपिऊं घालीत. व्याकरण, वक्तृत्व, गायन, ग्रहताऱ्यांच्या गति, ईस्टरची तिथि काढण्याचें गणित, आणि ह्या सर्वांच्या शिरोभागीं पवित्र शास्त्राचा अर्थ, असा त्यांचा पाठक्रम होता. परंतु शिकवावयास ग्रंथ पाहिजेत, आणि ग्रंथ म्हणजे त्या काळीं केवढी दुर्मिळ वस्तु होती, हें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे.

आज ग्रंथालय म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें मोठी इमारत व रांगांनीं लावलेलीं कपाटें येतात. त्या काळच्या कॅथीड्रलाचा ग्रंथसंग्रह म्हणजे बहुधा देवळालगतच्या खोलींतील कांहीं पेट्या किंवा एखादें कपाट. त्यांत वेदीवर लागणारीं मिस्सेचीं पुस्तकें व गायनाच्या पोथ्या असत त्या वेगळ्या. खरा संग्रह म्हणजे शास्त्राचीं निरनिराळीं पुस्तकें व त्यांवरील धर्मपित्यांचीं भाष्यें. कागद तोंपर्यंत पश्चिम युरोपांत आला नव्हता. मेंढराचें किंवा वासराचें कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजवावें, केंस खरवडून काढावे, चौकटीवर ताणून वाळवावें, घांसून गुळगुळीत करावें, तेव्हां कोठें चर्मपत्र तयार होई. मायफळ व हिराकस ह्यांपासून शाई करीत. लेखणी हंसाच्या पिसाची. संपूर्ण बायबल एका ठिकाणीं लिहावयाचें झाल्यास दोनशेंहून अधिक मेंढरांचीं कातडीं लागत. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं संपूर्ण बायबल नसेच. स्तोत्रांची एक पोथी, शुभवर्तमानांची एक, संदेष्ट्यांची एक, असे सुटे भाग असत. एखाद्या बिशपाजवळ शंभर ग्रंथ निघाले तर तो मोठा धनाढ्य समजावा. आणि ओलावा, उंदीर, दिव्याची ठिणगी, शत्रूची धाड, ह्यांपैकीं एकही गोष्ट एका रात्रींत त्या धनाचा शेवट करूं शके.

एल्बर्ट यांस ग्रंथांचें वेडच होतें म्हणाना. ते एकाहून अधिक वेळां समुद्र ओलांडून फ्रँक लोकांच्या देशांत व रोमपर्यंत गेले, आणि जेथें नवा ग्रंथ दिसे तो मिळवून किंवा उतरवून आणीत. ह्या प्रवासांत तरुण आल्क्विन त्यांच्या सोबतीस असत. परत येतांना ज्या ओझ्याची गुरूंस सर्वांत अधिक काळजी, तें ओझें सोन्यारुप्याचें नव्हतें, हें त्या शिष्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. व त्याच्या पुढील सबंध आयुष्याचें वळण येथेंच पडलें असें आम्हांस वाटतें.

हा संग्रह काय होता तें आपणांस कळतें तें आल्क्विन यांच्याच एका काव्यावरून. यॉर्कचे बिशप, राजे व संत यांच्यावर त्यांनीं सोळाशेंहून अधिक ओळींचें एक लॅटिन काव्य रचिलें, आणि त्यांत गुरूंच्या ग्रंथसंग्रहांतील सुमारें चाळीस ग्रंथकारांचीं नांवें गोंविलीं. जेरोम, हिलरी, अँब्रोझ, अगस्तीन, अथनेशियस, थोर ग्रेगरी, पोप लिओ, बाझील, क्रिसोस्तोम, हे धर्मपिते तेथें आहेत. आपल्याच देशांतील आल्डहेल्म व बीड आहेत. ख्रिस्ती कवींची एक रांग आहे. आणि ज्यांनीं ख्रिस्ताचें नांव ऐकलें नव्हतें असे व्हर्जिल, सिसेरो, प्लिनी व आरिस्टॉटल हेही त्याच यादींत बसले आहेत. इंग्लंडांतील कोणत्याही ग्रंथसंग्रहाचें ह्याहून जुनें वर्णन उपलब्ध नाहीं. मात्र ही यादी पद्यांत आहे, ग्रंथपालाच्या वहींत नव्हे. छंदांत न बसणारीं नांवें त्यांनीं वगळलीं असतील. आणि ग्रंथकाराचें नांव दिलें तरी त्याचा कोणता ग्रंथ तेथें होता, हें बहुतेक ठिकाणीं सांगितलेलें नाहीं. तेव्हां ती वाचतांना थोडें जपून वाचावें.

ह्या ग्रंथांचा लाभ घेण्यास परदेशचे विद्यार्थीही येत. पुढें जर्मनींत म्यून्स्टरचे पहिले बिशप झालेले संत लुडगर हे तरुणपणीं यॉर्क येथें आल्क्विन यांच्याजवळ शिकले. एका फ्रीजन व्यापाऱ्याच्या हातून एका नॉर्थंब्रियन सरदाराच्या मुलाचा वध झाला. सूड आपल्या देशबांधवांवर उगवला जाईल ह्या भयानें फ्रीजन मंडळी शहर सोडून निघाली, तेव्हां लुडगर यांसही निघावें लागलें. जातांना त्यांच्याबरोबर पुष्कळ ग्रंथ होते असें त्यांच्या चरित्रकारानें नोंदविलें आहे. यॉर्कच्या संग्रहाचीं बीजें अशा रीतीनें समुद्रापलीकडे पडूं लागलीं होतीं. त्या वेळीं त्याचें महत्त्व कोणाच्या लक्षांत आलें असेल असें दिसत नाहीं.

इ. स. ७७८ मध्यें वृद्ध एल्बर्ट आपल्या पदावरून निवृत्त झाले व त्यांनीं आपल्या मागची व्यवस्था लावून दिली. त्यांचे दोन प्रिय शिष्य होते. त्यांपैकीं इअनबाल्ड यांच्या हातीं आर्चबिशपचें आसन गेलें. आल्क्विन यांच्या वांट्यास शाळा आणि ग्रंथ आले. एल्बर्ट ७८० च्या ८ नोव्हेंबर रोजीं वारले. आल्क्विन यांचें वय तेव्हां पंचेचाळीसच्या आसपास होतें. ते धर्मगुरु नव्हते. डीकनच्या पदावरच त्यांनीं सारा जन्म काढला. गुरूंनीं अत्यंत प्रिय वस्तु विश्वासानें ज्याच्या हातीं दिली, त्यानें ती उराशीं धरून त्याच जागीं बसावें, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार.

घडलें निराळें. नव्या आर्चबिशपांसाठीं पॅलियम, म्हणजे पोपमहाराजांकडून मिळणारी लोकरीची पवित्र पट्टी, आणावयास आल्क्विन रोमला गेले. परत येतांना ७८१ च्या मार्च महिन्यांत इटलींतील पार्मा शहरीं त्यांची फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्याशीं गांठ पडली. शार्लमेनच्या राज्याचा विस्तार मोठा, परंतु त्यांत विद्येची स्थिति शोचनीय होती. कित्येक धर्मगुरूंस लॅटिन प्रार्थना धड म्हणतां येत नव्हत्या, आणि ज्या पुस्तकांवरून त्या म्हणावयाच्या तीं पुस्तकेंच चुकांनीं भरलेलीं होतीं. राजानें आल्क्विन यांस आपल्या दरबारीं येऊन शिकविण्याची विनंति केली. स्वतःच्या राजाची व आर्चबिशपांची परवानगी घेऊन ते ७८२ च्या सुमारास गेले. येथें वाचक विचारतील कीं, ग्रंथांचे काय? ग्रंथ यॉर्क येथेंच राहिले. ते त्या देवळाचे होते, व तेथें शिकणारीं मुलें होतीं.

दरबारांतील वर्षांविषयीं पुष्कळ सांगण्यासारखें असलें तरी आम्ही तें थोडक्यांत आटोपतों. राजा स्वतः, त्याच्या मुली, त्याचे मुलगे, सरदार, सारे त्यांचे विद्यार्थी झाले. प्रत्येकास त्यांनीं एक टोपणनांव दिलें. राजास दाविद, स्वतःस रोमन कवि होरेस याचें नांव फ्लाक्कस. शार्लमेन यास भाषण उत्तम येई, परंतु लिहावयास तो फार उशीरा शिकूं लागला, व उशीखालीं पाट्या ठेवून रात्रीं अक्षरें गिरवीत असे, तरी हात वळला नाहीं, असें त्याच्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. मुलांची बुद्धि तीक्ष्ण व्हावी म्हणून रचिलेल्या कोड्यांचा एक संग्रह आल्क्विन यांच्या नांवावर सांगतात. त्यांत नदी, होडी, लांडगा, शेळी व कोबीचा गड्डा यांचें कोडें आहे. वाघ, शेळी व गवताचा भारा ह्या रूपांत तेंच कोडें आपल्याकडील आजोबा नातवंडांस घालतात. कोठून कोठें काय जातें पाहा!

परंतु त्या वर्षांचें खरें फळ म्हणजे ७८९ सालीं शार्लमेननें काढलेला एक मोठा हुकूम. त्याच्या मजकुरांत आल्क्विन यांचा हात असावा असें विद्वानांचें मत आहे. प्रत्येक बिशपच्या ठाण्यांत व प्रत्येक मठांत मुलांसाठीं शाळा असावी; स्तोत्रें, गायन, पंचांगाचें गणित व व्याकरण शिकवावें; आणि पुस्तकें नीट सुधारून घ्यावीं, कारण लोक मनापासून प्रार्थना करूं इच्छितात, पण पुस्तक अशुद्ध असल्यामुळें ती भलतीच होते; शुभवर्तमान, स्तोत्रसंहिता व मिस्सेचें पुस्तक लिहावयाचें असेल तर तें पोरांकडून न लिहवितां पोक्त माणसांकडून काळजीनें लिहवावें, अशा आशयाचीं कलमें त्यांत आहेत. युरोपांतील कॅथीड्रलांच्या शाळा व त्यांचे ग्रंथसंग्रह पुढें वाढले, त्यास आरंभीं ह्या हुकुमाची मोठी मदत झाली.

आल्क्विन यांस मायदेशाची ओढ होतीच. ७९० मध्यें ते परत गेले व सुमारें तीन वर्षें तेथें राहिले. परंतु नॉर्थंब्रियांत गादीसाठीं कापाकापी चालली होती. ते पुन्हां फ्रँकांच्या देशांत आले, तोंच ७९३ च्या जून महिन्यांत ती भयंकर बातमी कानीं आली. उत्तरेकडील समुद्री लुटारूंनीं लिंडिसफार्न बेटावरील संत कथबर्ट यांचें देऊळ लुटलें, मठवाशांस ठार मारिलें, कित्येकांस पकडून नेलें. आल्क्विन यांनीं तेथील बिशपांस व नॉर्थंब्रियाच्या राजास जीं पत्रें पाठविलीं त्यांत शोक आहे, तसाच धाकही आहे. जेथें इतके संत झाले ती जागा सुरक्षित राहिली नाहीं, तर मग दुसरी कोणती राहील? यॉर्कच्या पेट्या त्यांच्या डोळ्यांपुढें आल्या नसतील असें आम्हांस वाटत नाहीं.

७९६ सालीं दोन घटना लागोपाठ झाल्या. एप्रिलांत नॉर्थंब्रियाचा राजा एथेलरेड याचा त्याच्याच लोकांनीं वध केला. आल्क्विन परत जाण्याच्या तयारींत होते; ही वार्ता ऐकून त्यांनीं तो बेत कायमचा सोडला. त्याच वर्षीं शार्लमेननें त्यांस टूर्स येथील संत मार्टिन यांच्या मठाचे अधिपति नेमिलें. वय साठीच्या पुढें गेलेलें, प्रकृति बरी नाहीं, आणि हातांखालीं जे मठवासी आले त्यांचें लॅटिन इतकें ओबडधोबड कीं, त्याच्याशीं रोज झगडावें लागतें अशी त्यांची तक्रार असे. शिकवावयास बसले, तर यॉर्क येथें जे ग्रंथ सहज हातीं येत ते येथें नाहींत.

तेव्हां त्यांनीं राजास एक पत्र लिहिलें. ह्या पत्रासच आम्ही त्यांच्या चरित्रांतील मुख्य कृति समजतों. गुरूंच्या परिश्रमानें व थोडेसें स्वतःच्याही कष्टानें यॉर्क येथें जे दुर्मिळ ग्रंथ जमले आहेत ते येथें मिळत नाहींत. तरी आपल्या कांहीं तरुण शिष्यांस तेथें पाठवून जरूर ते ग्रंथ फ्रान्सांत आणविण्याची अनुज्ञा व्हावी, अशी त्यांची विनंति होती. त्यांनीं उपमा दिली ती बागेची. यॉर्कच्या कुंपणांतील रोपें टूर्सच्या मातींतही रुजावीं. संग्रह उचलून आणा असें त्यांनीं म्हटलें नाहीं, कारण मातृदेवळास उघडें करावें असें त्यांच्या मनांत कधीं आलें नसावें. तेथें नवे आर्चबिशप दुसरे इअनबाल्ड हे त्यांचेच शिष्य होते. त्यांस ते उपदेश करीत राहिले कीं, वाचन शिकविणारा, गायन शिकविणारा व लेखन शिकविणारा असे वेगवेगळे शिक्षक नेमा. एकदां तर त्यांनीं तेथील घंटाघराच्या छपरासाठीं शंभर रत्तल कथील पाठवून दिलें. ज्यास आपलें जुनें देऊळ सोडून दूर गांवीं पोटासाठीं जावें लागलें, व जो दर सणास तेथें कांहींतरी पाठवितो, त्यास ह्या कथिलाचें मोल सांगावयास नको.

आणविलेले ग्रंथ शोभेसाठीं नव्हते. त्याच ७९६ सालीं शार्लमेनच्या सैन्यानें पूर्वेकडील अवार लोकांचा पाडाव केला होता. त्यापूर्वीं सॅक्सन लोकांस तलवारीच्या धाकानें बाप्तिस्मा देण्यांत आला होता व दशमांशाच्या वसुलीनें ते गांजले होते. आल्क्विन यांनीं संत अगस्तीन यांचा नवशिक्यांस धर्म कसा शिकवावा ह्यावरील ग्रंथ आधारास घेऊन राजास बजावलें कीं, आधीं शिकवण, मग बाप्तिस्मा. माणसाचें शरीर ओढून पाण्यांत घालतां येईल, परंतु श्रद्धा त्याच्या मनाच्या खुषीनेंच यावयाची. आणि नव्या ख्रिस्ती लोकांवर दशमांशाचें जूं लादूं नये. सर्व युरोप ज्याच्यापुढें कांपत होता अशा राजास एका डीकननें हें लिहावें, हें थोडें धैर्य नव्हे.

दुसरा प्रसंग स्पेनकडील पाखंड मताचा. टोलेडोचे आर्चबिशप एलिपांडस व उर्गेलचे बिशप फेलिक्स असें शिकवूं लागले होते कीं, ख्रिस्त मनुष्य ह्या नात्यानें देवाचा केवळ दत्तक पुत्र होय. प्रश्न नाजूक होता, आणि वादाचा निकाल धर्मपित्यांच्या मूळ शब्दांवर लागावयाचा होता. आल्क्विन यांनीं राजाकडे मुदत मागून घेतली, ग्रंथ धुंडाळले, टूर्स येथेंच असलेल्या एफेसस परिषदेच्या कागदपत्रांचा उपयोग केला, व फेलिक्स यांच्या खंडनार्थ सात भागांचा ग्रंथ लिहिला. ७९९ च्या सुमारास आखेन येथें राजासमोर कित्येक दिवस वाद होऊन फेलिक्स यांनीं आपलें मत मागें घेतलें. एलिपांडस मात्र हटले नाहींत. उलट त्यांनीं आल्क्विन यांच्या वर्मावर बोट ठेविलें कीं, मठाच्या जमिनींवर वीस हजार दास बाळगणाऱ्यानें नम्रतेच्या गोष्टी सांगूं नयेत. आल्क्विन यांनीं उत्तर दिलें कीं, स्वतःच्या सेवेसाठीं आपण एकही माणूस कधीं विकत घेतला नाहीं. तें खरें असेल; तथापि मोठ्या मठांची संपत्ति अशा राबणाऱ्या कुळांच्या घामावर उभी होती, व चर्मपत्रासाठीं लागणारे मेंढरांचे कळपही त्यांचेच लोक राखीत, हें चरित्रकारानें झांकून ठेवूं नये.

आतां टूर्सच्या लेखनशाळेकडे वळूं. तेथील लेखनिकांसाठीं आल्क्विन यांनीं कांहीं पद्यें रचिलीं, त्यांत नियम सांगितले आहेत: लिहितांना गप्पा मारूं नयेत, मूळ प्रत शुद्ध असल्याची खात्री करून घ्यावी, विरामचिन्हें जागच्या जागीं घालावीं, म्हणजे देवळांत वाचणारा मध्येंच अडखळणार नाहीं. द्राक्षमळा खणण्यापेक्षां ग्रंथ लिहिण्याचें काम त्यांस श्रेष्ठ वाटे, कारण त्याचा लाभ आत्म्यास होतो. अक्षराच्या वळणाविषयीं येथें एक खुलासा केला पाहिजे. लहान, गोल, सुटीं अक्षरें व शब्दाशब्दांत अंतर, असें जें सुबोध वळण त्या काळीं रूढ झालें, तें आल्क्विन यांनींच शोधून काढलें असें कित्येक लिहितात. तें बरोबर नाहीं. कॉर्बीच्या मठांत त्यांच्या येण्यापूर्वींच तें दिसूं लागलें होतें. परंतु टूर्सच्या लेखनिकांनीं तें सफाईस नेलें हें खरें. पुढें पंधराव्या शतकांत इटलींतील विद्वानांनीं तेंच वळण उचललें, व छापखान्याचे रोमन खिळे त्यावरून घडले. आज जगांत इंग्रजी वा पोर्तुगीज जें कांहीं छापलें जातें, त्याच्या अक्षरांचें मूळ तेथें आहे.

ह्याच वेळीं राजाच्या इच्छेवरून आल्क्विन यांनीं संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलाच्या शुद्धीचें काम हातीं घेतलें. नकलांवर नकला होतां होतां त्यांत शेंकडों चुका शिरल्या होत्या. राजाची बहीण गिसेला व कन्या रोत्रूद ह्या दोघी योहानाच्या शुभवर्तमानावर भाष्य मागत होत्या. त्यांस त्यांनीं कळविलें कीं, जुन्या व नव्या कराराच्या शुद्धीपुढें सवड नाहीं. भाष्य मात्र त्यांनीं नंतर पुरें करून दिलें. शुद्ध केलेलें बायबल ८०० सालच्या सुमारास शार्लमेन यास नाताळची भेट म्हणून गेलें. हीं बायबलें एका जिल्दींत बांधलेलीं, चारशेंहून अधिक पानांचीं, दीड फुटाहूनही उंच, दोन रकान्यांत बारीक सुबक अक्षरांनीं लिहिलेलीं असत; एकेका प्रतीवर अनेक लेखनिक काम करीत. आल्क्विन यांच्या मरणानंतरही हें काम थांबलें नाहीं. सुमारें पन्नास वर्षें टूर्स येथून दरसाल दोनएक बायबलें बाहेर पडत व दूरदूरच्या कॅथीड्रलांस व मठांस जात. त्यांपैकीं चाळीसांहून अधिक प्रती, कांहीं पूर्ण, कांहीं तुटक, आजही आहेत. एक स्वित्झर्लंडांत सेंट गॉल येथें, एक लंडन येथें. हें वाचतांना आपल्या फादर स्तीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सतराव्या शतकांत तें तीनदां छापलें गेलें, परंतु त्या छापील प्रतींपैकीं एकही आज ठाऊक नाहीं. भाविकांनीं हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्यांवरूनच तें आपणांस मिळालें.

आल्क्विन यांचीं शेवटचीं वर्षें अगदीं शांततेंत गेलीं असें नाहीं. शिक्षा झालेला एक धर्मसेवक ऑर्लेआंहून पळून टूर्सच्या देवळांत आश्रयास आला, त्यावरून दंगा झाला, व आपल्या मठवाशांची बाजू घेतल्याबद्दल वृद्ध आल्क्विन यांस राजाचे कठोर शब्द ऐकून घ्यावे लागले. डोळे व शरीर थकलें होतें. आपलें मरण पेंतेकोस्तच्या दिवशीं यावें अशी त्यांची प्रार्थना असे, आणि ८०४ सालीं, १९ मे रोजीं, त्याच सणाच्या दिवशीं ते देवाघरीं गेले. थडग्यावरील लेख त्यांनीं स्वतःच रचून ठेविला होता. त्यांचे शिष्य बिशप व मठाधिपति होऊन सर्वत्र पसरले. फुल्डा येथें रबानस मॉरस यांनीं जो मोठा ग्रंथसंग्रह वाढविला, तो ह्याच परंपरेंतला.

आणि यॉर्क? ८६६ सालीं, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, डेन लोकांनीं तें शहर घेतलें. पुढें १०६९ मध्यें नॉर्मन सैन्यानें लाविलेल्या आगींत कॅथीड्रलही जळालें. एल्बर्ट यांचा संग्रह नेमका कोणत्या दिवशीं गेला हें इतिहासास माहीत नाहीं. पण हा ग्रंथ निश्चितपणें त्या पेट्यांतला, असें बोट ठेवून दाखवितां येईल असा एकही ग्रंथ आज उरलेला नाहीं. टूर्सही वांचलें नाहीं. ८५३ सालीं उत्तरेकडील लुटारूंनीं तें जाळलें. संत मार्टिन यांचें पुढें बांधलेलें भव्य देऊळ फ्रान्सच्या राज्यक्रांतीनंतर जमीनदोस्त झालें. आणि १९४० च्या जून महिन्यांत, युद्धाच्या आगींत, त्या शहराचें ग्रंथालय पेटून जुन्या हस्तलिखितांची मोठी हानि झाली. परंतु तोंपर्यंत बाराशें वर्षांपूर्वींच्या त्या लेखनिकांच्या नकला, आणि नकलांच्या नकला, शेंकडों ठिकाणीं पोंचल्या होत्या. इ. स. ८०० पूर्वींचीं लॅटिन हस्तलिखितें पूर्ण व तुटक मिळून सुमारें अठराशें उरलीं आहेत. त्यानंतरच्या एका शतकांतलीं सुमारें सात हजार. यॉर्कच्या ग्रंथांची ती पद्यबद्ध यादीसुद्धां यॉर्क येथें राहिली नाहीं. रँस व त्याच्या शेजारचा सें-तिएरी मठ, ह्या फ्रान्सांतील ठिकाणीं कोणीतरी ती उतरून ठेविली होती, त्यावरून ती आपल्या हातीं आली.